आईबाप विभक्त झाले तरी मुलांचा हक्क अभंग आहे

(पुणे शहरातील बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मावर बोलण्यास आपल्यात अधिकारी माणसे आहेत. माझा व्यवसाय वकिलीचा आहे. म्हणून विहारात सहसा कोणी काढीत नाही असा विषय मी आपणापुढे मांडणार आहे. नवराबायकोचे पटेनासे झाले, दोघे दोन ठिकाणी राहू लागली, म्हणजे मुलांचे काय होते आणि घरादाराचे काय होते, हा तो विषय होय. हा विषय अमंगल आहे असे समजून आपण त्याकडे पाठ फिरवतो. परंतु जे दुःख आहे ते आहे असे मान्य करणे, ही तथागतांच्या शिकवणीची पहिली पायरी आहे. संसार मोडतात, हे दुःख आपल्या वस्त्यांतही आहे. त्याची झळ ज्यांचा काही अपराध नाही अशा लहान मुलांना सर्वांत अधिक लागते. त्या मुलांच्या वतीने मी आज बोलत आहे.

धर्मांतर आणि कायदा

ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांच्या मनातील एक भीती मला प्रथम दूर करावयाची आहे. समजा, येरवड्याच्या किंवा ताडीवाला रस्त्याच्या एखाद्या घरात बायकोने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नवऱ्याने घेतली नाही. पुढे भांडण झाले, बाई मुले घेऊन माहेरी आली. मग सासरची माणसे निरोप धाडतात की, "तू धर्म बदललास, आता मुलांवर तुझा अधिकार नाही, आणि आमच्या जमिनीत त्या मुलांचाही वाटा नाही." कित्येक भगिनी या धमकीला भिऊन गप्प बसतात. ही धमकी कायद्याला धरून नाही.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. वारसा कायदा, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा आणि दत्तक व पोटगीचा कायदा हे तिन्ही 1956 चे. हे चारही कायदे बौद्धांना लागू आहेत आणि तसे त्यांत बौद्धांचे नाव घेऊन लिहिले आहे. कायद्याच्या अर्थापुरता 'हिंदू' या शब्दात बौद्ध माणूसही धरावा, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून धर्म सोडल्यामुळे घटस्फोट मागता येतो, पालकाचा अधिकार जातो, किंवा धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलाला हिंदू नातलगांचा वारसा मिळत नाही, अशी जी कलमे या कायद्यांत आहेत, ती बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्याला लागत नाहीत. दीक्षा घेतल्याने बाई आपले मूल गमावीत नाही, आणि तिचे मूल आपल्या आजोबांच्या मिळकतीतील वाटा गमावीत नाही. हे वाक्य आपण घरोघर सांगावे.

येथे कोणी स्वाभिमानी तरुण विचारील की, बावीस प्रतिज्ञा घेऊन आम्ही जो धर्म सोडला त्याच्या नावाचा कायदा आम्ही का स्वीकारावा? प्रश्न योग्य आहे, आणि बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा अशी मागणीही समाजात होत आली आहे. ती मागणी अवश्य करावी. परंतु नावाखाली काय लिहिले आहे तेही पाहावे. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा अधिकार, मुलीला वारसा, स्त्रीच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी, या गोष्टी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मांडल्या होत्या. ते बिल रखडविण्यात आले, आणि 1951 च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला; त्यामागील कारणांत हे एक मोठे कारण होते. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून ते निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाले. वारसा कायदा 17 जून 1956 चा, पालकत्वाचा कायदा 25 ऑगस्ट 1956 चा. 14 ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली, 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, आणि दत्तक व पोटगीचा कायदा 21 डिसेंबरला झाला. या कायद्यांत बाबासाहेबांना हवे होते ते सारे आले नाही. तथापि जे आले त्यात त्यांचे श्रम आहेत, आणि त्याचा उपयोग करण्यात आपल्याला कमीपणा नाही.

वेगळे राहणे म्हणजे घटस्फोट नव्हे

दुसरी गोष्ट कागदाची. शंभर-पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर 'आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही' असे लिहून, नोटरीचा शिक्का मारून घटस्फोट झाला असे पुष्कळ लोक समजतात. तसे होत नाही. घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होतो. रूढीने मान्य असलेल्या काडीमोडीला कायद्याने वाट ठेवली आहे हे खरे. पण जो त्या रूढीचा आधार घेतो त्याने ती जुनी, अखंड आणि निश्चित आहे असे न्यायालयात शाबीत करावे लागते. शिवाय ज्या जातीचे जोखड आपण फेकून दिले, तिच्याच पंचांपुढे फारकतीसाठी जाऊन बसणे हे बौद्ध माणसाला शोभत नाही. पंच आज एक सांगतात, उद्या दुसरे सांगतात, आणि मुलाचे नाव त्यांच्या कागदावर कोठेच नसते.

या चुकीचे परिणाम भयंकर असतात. हुकूमनाम्यावाचून पुरुषाने दुसरे लग्न केले तर ते लग्न कायद्याने शून्य ठरते, आणि तो गुन्हाही होतो. पहिली बायको मात्र वेगळी राहत असली तरी बायकोच राहते, आणि नवरा वारला तर विधवा म्हणून वारस ठरते. घटस्फोट झाल्यावर पूर्वीची पत्नी वारस राहत नाही. परंतु मुले? मुले दोन्ही वेळी वारसच राहतात. पतिपत्नीचे नाते हुकूमनाम्याने तुटते. बाप आणि मूल यांचे नाते तोडण्याचा अधिकार कोणत्याही घटस्फोटाच्या हुकूमनाम्याला नाही.

याच ठिकाणी विवाहनोंदणीचे महत्त्व सांगतो. त्रिशरण-पंचशील घेऊन विहारात लागलेले लग्न साधे, सुंदर आणि कमी खर्चाचे असते. पण वीस वर्षांनी नवरा "आमचे लग्नच झाले नव्हते" असे म्हणू लागला, तर बाईजवळ पुरावा काय? महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यान्वये विवाहाची नोंदणी करता येते. ती लग्नानंतर लगेच करावी आणि दाखला जपून ठेवावा. ज्यांची इच्छा असेल त्यांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावे. वर-वधू दोघेही बौद्ध असतील तर त्यामुळे त्यांच्या वारसाहक्कात फरक पडत नाही.

मूल कोणाजवळ राहील?

आता मुलांकडे येऊ. 1956 च्या पालकत्वाच्या कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक, 'त्याच्यानंतर' आई, असे शब्द आहेत. या दोन शब्दांच्या बळावर पुष्कळ बापांनी आईला धाक घातला. 1999 साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ लावला. मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यावयाचे होते, आणि आईची सही पालक म्हणून चालत नव्हती. न्यायालयाने ठरविले की, 'त्याच्यानंतर' याचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नाही. बाप मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर असेल, असमर्थ असेल, तर त्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक असते.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला तर याहून जुना आहे. विदर्भातील शेतजमिनीचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या नावाने ते प्रसिद्ध आहे. निकाल 1970 चा. आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. मुलगी अज्ञान असताना तिचा सांभाळ आणि तिच्या जमिनीची व्यवस्था आईच पाहत होती. बाप हयात होता, पण मुलीच्या कारभारात त्याने कधी लक्ष घातले नव्हते. असा बाप असून नसल्यासारखाच आहे, तेव्हा आईलाच मुलीची नैसर्गिक पालक मानले पाहिजे, असा न्यायालयाने निर्णय दिला. भगिनींनो, या निकालाचे मर्म ध्यानात घ्या. ती बाई मुलीला घेऊन नुसती माहेरी बसली नव्हती. ती मुलीच्या जमिनीचा कारभार चालवीत होती. जी आई मुलाच्या शाळेचे, दवाखान्याचे, जमिनीच्या साऱ्याचे कागद आपल्या हाताने सांभाळते, तिची बाजू न्यायालयात आपोआप बळकट होते.

पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे कायदाच सांगतो. त्यापुढच्या वयात काय? तेथे कायद्याची कसोटी एकच आहे, आणि ती म्हणजे मुलाचे कल्याण. बापाची कमाई अधिक म्हणून मूल त्याचे होत नाही, किंवा आईने जन्म दिला एवढ्यावरूनही ते तिचे होत नाही. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला विचारतात. बापानेही ध्यानात ठेवावे की, मुलाचा ताबा आईकडे गेला म्हणून त्याचे बापपण संपत नाही. त्याला भेटीचा अधिकार मागता येतो, आणि आईने सूडबुद्धीने ती भेट अडवू नये. ज्या मुलाला रोज बापाविषयी विष पाजले जाते, त्या मुलाचे कल्याण होत नाही.

मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल जेथे नेहमी राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. पुण्यात राहणाऱ्या मुलासाठी आपणास शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जावे लागेल. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यान्वये तेथे प्रथम समेटाचा प्रयत्न होतो, समुपदेशक दोघांशीही बोलतात. तेथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. वकील असूनही मी हे आनंदाने सांगतो, कारण जे भांडण दोन शहाण्या माणसांच्या बोलण्याने मिटते, ते दहा वर्षांच्या कज्जाने मिटत नाही. आणि वकील लागलाच, तर पैशाअभावी कोणी मागे राहू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधिसाहाय्य मिळते. 1990 पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हेही येथे सांगून ठेवतो.

मुलाची मिळकत

घर मोडले की पहिली वाटणी भांड्यांची होते, दुसरी दागिन्यांची, आणि तिसरी मुलांची: "मुलगा माझा, मुलगी तुझी." बंधूंनो, मूल ही वाटणीत मिळावयाची वस्तू नाही. ते वाटणीचे स्वतः हक्कदार आहे.

बापाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा असतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलीलाही मुलाइतकाच हिस्सा मिळाला, आणि ती दुरुस्ती झाली तेव्हा बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात सांगितले. म्हणून आई विभक्त झाली तरी गावाकडच्या सातबाऱ्यावर मुलांचा हक्क कायम आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या जमिनी जुन्या महार वतनाच्या आहेत. कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याच्या 1958 च्या कायद्याने त्या पुन्हा आपल्या नावे झाल्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून त्या विकू नयेत असे बंधन त्यांवर घातले गेले. बाप रागाच्या भरात किंवा कर्जापायी असली जमीन कवडीमोलाने काढून टाकू लागला, तर मुलांच्या वतीने आईने वेळीच हरकत घ्यावी. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो: बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याच्या हयातीत मुलाला वाटा मागता येत नाही. तिच्यातून पोटगी मागता येते. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर मुलगा, मुलगी, विधवा आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो.

मुलाच्या स्वतःच्या नावे एखादे घर किंवा जमीन असेल, आजीने दिलेली असेल किंवा कोणी बक्षीस दिलेली असेल, तर ती न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा बक्षीस देण्याचा अधिकार बापालाही नाही आणि आईलाही नाही. पालकाने तसे केले असल्यास मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मुदत टळली तर हक्क बुडतो. म्हणून अठरा वर्षांचे झालेल्या मुलाला त्याच्या मिळकतीचे कागद दाखवणे, हे आईबापांचे कर्तव्य आहे.

आणखी एक गैरसमज. कारखान्यात, रेल्वेत किंवा महानगरपालिकेत नोकरी करणारा माणूस भविष्यनिधीच्या कागदावर भावाचे नाव घालतो, आणि लोकांना वाटते की पैसे भावाचे झाले. सामान्य नियम असा की, नाव घातलेला माणूस पैसे स्वीकारणारा असतो, मालक नसतो. पैसे वारसांचे असतात. तरीही कज्जा टाळावयाचा असेल तर तो कागद वेळच्या वेळी बदलून घ्यावा.

दुसऱ्या घरोब्याच्या मुलांविषयी समाज फार कठोर बोलतो. लग्न शून्य असले तरी त्या लग्नाची मुले कायद्याने औरस आहेत. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत आणि वाटणीत बापाच्या वाट्याला येणाऱ्या हिश्शात त्यांना हक्क आहे, असे 2023 साली रेवणसिद्धप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ज्या धम्माने जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे नाकारले, त्या धम्माच्या अनुयायांनी या मुलांना हिणवू नये.

बाईचे घर, बाईचे स्त्रीधन, मुलांची पोटगी

लग्नात बाईला मिळालेले दागिने, भांडी, रोख रक्कम ही तिची आहेत. सासरी ठेवली म्हणून ती सासरची होत नाहीत. 1985 पासून सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले आहे. त्यांची यादी आणि पावत्या ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याने बाईला ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा अधिकार दिला आहे, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. वस्तीचे पुनर्वसन होऊन पक्के घर मिळणार असेल, तर कागदावर पतीबरोबर आपलेही नाव लागले आहे की नाही, हे प्रत्येक भगिनीने कार्यालयात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

पोटगीचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी सोपा मार्ग म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144. 1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी संहितेचे कलम 125 होते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी, असे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. म्हणून अर्ज करण्यास उशीर लावू नका. आणि हे विसरू नका की, कंटाळून, सुटका व्हावी म्हणून "मला काही नको, मुलांनाही काही नको" असे आई लिहून देते, तेव्हा तिला स्वतःचा हक्क सोडता येतो; मुलाचा हक्क सोडता येत नाही. तो तिचा नसतोच.

धम्माचा दाखला

हे सारे कायद्याचे झाले. आता थोडे धम्माचे बोलून आपली रजा घेतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कर्तव्ये सांगितली. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा. आईबापांनी मुलांना विद्या शिकवावी आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या स्वाधीन करावा. अडीच हजार वर्षांपूर्वी मुलांचा वारसा हे आईबापांचे कर्तव्य म्हणून सांगितले गेले, ही गोष्ट लहान नाही.

आणि राहुलाची कथा आपणांस ठाऊक आहे. बुद्ध कपिलवस्तूला आले तेव्हा यशोधरेने राहुलाला वारसा मागण्यास पाठविले, आणि त्याला प्रव्रज्या मिळाली. तेव्हा वृद्ध शुद्धोदनाने आपले दुःख भगवंतांना निवेदन केले आणि विनविले की, यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला संघात घेऊ नये. भगवंतांनी ते ऐकले आणि तसा नियम केला. एका आजोबाचे दुःख ऐकून संघाचा नियम झाला. मग विभक्त झालेल्या आईबापांनी मुलाचा धर्म, मुलाची शाळा, मुलाचे नाव एकमेकांवर सूड उगवण्यासाठी वापरावे काय? दीक्षा घेतलेल्या आईनेही मुलाला धम्म दाखवावा तो प्रेमाने आणि आचरणाने. बापाला हिणवण्याचे साधन म्हणून नव्हे.

पुण्याजवळ देहू रोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्ती स्थापन केली. त्या मूर्तीपुढे आपण मुलांना घेऊन जातो, हात जोडावयास शिकवतो. माझी आपणास एवढीच विनंती आहे की, त्या मुलांचे हक्कही तितक्याच काळजीने जपा. प्रत्येक विहाराने आठवड्यातून एक सायंकाळ कागदपत्रे पाहण्यासाठी ठेवावी. विवाहनोंदणी झाली नसेल त्यांची करून घ्यावी. मुलामुलींचे जन्मदाखले, सातबारा, घराचे कागद, नोकरीतील नावनोंदणी एकदा नजरेखालून घालावी. वस्तीत कोणाचा संसार मोडण्याच्या बेतात असेल, तर चार वडीलधाऱ्या माणसांनी आधी समजूत घालावी. ती पटली नाही, तर बाईला आणि मुलांना एकटे न सोडता विधिसाहाय्याच्या कार्यालयापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जावे.

बाबासाहेबांनी आपणांस कायदा दिला आणि धम्मही दिला. दोहोंत दुबळ्याची बाजू घेतलेली आहे. ज्या घरात आईबापांचे पटत नाही, त्या घरात सर्वांत दुबळे कोण, हे आपण जाणता. त्याच्या पाठीशी उभे राहा.

नमो बुद्धाय! जय भीम!